चिमणी दिसते, कामगार दिसत नाही!



आज आम्ही बोलणार आहोत ते एका फिल्मबद्दल. तुम्ही म्हणाल, पोटाचे प्रश्न सोडून ह्यांना सिनेमा कुठून सुचला? सबुरीने घ्या. हाही पोटाचाच प्रश्न आहे.

"राज्याची फिल्म" नावाचा एक प्रकार असतो. दहा-वीस मिनिटांची, गोड आवाजाची, बहुधा रंगीत. आधी डोंगर, मग धबधबा, मग समुद्र, मग देऊळ नाहीतर किल्ला. मग वाद्यांचा सूर चढतो आणि एकदम गिरण्या, कारखाने, बंदरं, धरणं. एक चिमणी आभाळात धूर सोडते. सूत सरासर फिरतं. कापडाचे तागे चळत लावून उभे असतात. पडद्यामागचा भारदस्त माणूस सांगतो, की असं हे आमचं संपन्न राज्य! शेवटी सूर्य बुडतो आणि फिल्मही.

देखावा छान असतो. पण आमचा सवाल साधा आहे. तागा दिसला, तो विणणारा कुठे गेला? चिमणी दिसली, तिच्या बुडाशी भट्टीत कोळसा टाकणारा कुठे गेला? राज्य दिसलं म्हणता, तर त्या राज्यात आम्ही कुठे होतो?

ही फिल्म कोण काढतो, पैसा कोणाचा?

ह्या धंद्याचे मोठे कारागीर अमेरिकेतले. जेम्स फिट्झपॅट्रिक नावाच्या गृहस्थाने १९३० ते १९५४ ह्या काळात एम.जी.एम. कंपनीसाठी असल्या सफरींच्या फिल्मांची मोठी माळ काढली. साऱ्या जगावर काढली, आणि अमेरिकेतल्या राज्यांवरही काढली. मोठ्या सिनेमाच्या आधी ती दाखवायची. सूर्यास्त आणि जड अंतःकरणाने घेतलेला निरोप हा त्याचा इतका ठरलेला शेवट, की लोक त्याची नक्कल करून हसायचे. त्याच वळणावर तिथल्या राज्य सरकारांनी, रेल्वे कंपन्यांनी आणि तेलवाल्यांनी आपापल्या फिल्मा काढल्या. रेल्वेला उतारू हवे होते, तेलवाल्याला मोटारवाले हवे होते, सरकारला पाहुणे आणि भांडवलवाले हवे होते. कामगार कोणालाच नको होता, कारण कामगार आधीच आत होता, पाळीवर!

आपल्याकडे १९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढलं, तेही इथेच, मुंबईत. थिएटरच्या परवान्यातच अट घातली, की मुख्य सिनेमाबरोबर सरकारमान्य फिल्म दाखवलीच पाहिजे. तिचं भाडं थिएटरवाल्याने भरायचं. थिएटरवाला ते कुठून भरणार? आपल्याच तिकिटातून! म्हणजे पडद्यावर देशाची प्रगती दिसायची, आणि तिचा खर्च पुढच्या स्वस्तातल्या बाकावर बसलेला गडी द्यायचा. ह्या खात्याने चांगली माणसंही पोसली, चांगल्या फिल्माही काढल्या, हे आम्ही नाकारत नाही. २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पण राज्य दाखवायचं म्हणजे देखावा दाखवायचा आणि यंत्र दाखवायचं, ही जी सवय लागली ती काही विलीन झाली नाही. आजही जाहिरात लावून बघा. तोच डोंगर, तीच लाट, तसंच चकचकीत यंत्र. चिमणीच्या जागी काचेची इमारत आली, एवढाच फरक.

डोंगर आणि गिरणी ह्यांच्या मधली वाट

एक राज्य उदाहरणाला घेऊ. मुद्दाम लांबचं घेतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की आम्ही घरचं रडगाणं गातो. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना. हे कापडगिरण्यांचं राज्य. गिरणी, तंबाखू आणि लाकडी सामान ह्या तीन धंद्यांवर ते उभं राहिलं. १९३० नंतरच्या दशकात तिथल्या सरकारने पर्यटनाची मोठी मोहीम काढली. "नाना तऱ्हांचा सुट्टीचा मुलूख" अशा अर्थाची घोषणा लावली, पोस्टरं काढली, पुस्तिका काढल्या. दाखवायला तिथे खूप आहे. पश्चिमेला स्मोकी पर्वत, धुक्याने निळे झालेले. पूर्वेला समुद्र आणि हॅटरसचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ. त्याच किनाऱ्यावर १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी पहिलं विमान उडवलं. आणि मधल्या पठारावर गिरण्या.

फिल्म काय करते? डोंगर दाखवते, फीत कापते, आणि गिरणी दाखवते. जणू ह्या दोन वेगळ्या वस्तू! एक देवाने दिली, दुसरी शेठजीने. पण बंधूंनो, ती फीत जिथे कापली तिथेच तर कामगार होता. डोंगर आणि गिरणी ह्यांच्या मधली पायवाट म्हणजे कामगार.

हे आम्ही हवेत बोलत नाही. एला मे विगिन्स हे नाव लक्षात ठेवा. ही बाई त्याच स्मोकी पर्वताच्या पलीकडच्या अंगाला, टेनेसीत जन्मली. डोंगरात पोट भरेना, म्हणून माणसं खाली गिरण्यांकडे उतरत होती, तशी तीही उतरली. गॅस्टोनियाजवळच्या एका गिरणीत तिने रात्रपाळी केली. पगार आठवड्याला ९ डॉलरच्या आसपास. पोरं नऊ. त्यांतली चार डांग्या खोकल्याने गेली. आजारी पोरांजवळ रात्री बसता यावं म्हणून तिने दिवसपाळी मागितली, ती तिला मिळाली नाही. मग ती युनियनमध्ये शिरली, संपाची गाणी रचू लागली, सभेत गाऊ लागली. १४ सप्टेंबर १९२९ रोजी ती ट्रकमधून सभेला निघाली असताना वाटेत गाडी अडवून तिला गोळी घातली. खटला भरला, आणि आरोपी सुटले.

आता सांगा, ज्या डोंगरावर फिल्मवाला कॅमेरा लावून "काय ही शांतता!" म्हणतो, तो डोंगर सोडून ही बाई का उतरली, हे सांगितल्याशिवाय त्या डोंगराचं चित्र पुरं होतं काय?

आणि हे तुम्हाला समजायला अमेरिकेला जायची जरुरी नाही. कोकण सुंदर आहे, हे आम्हाला कॅमेऱ्याने शिकवावं काय? हिरवा डोंगर, लाल माती, माडांची रांग आम्ही जन्मतःच बघितली. पण त्या माडाखाली सहा महिने पुरेल एवढाही तांदूळ पिकत नव्हता, म्हणून रत्नागिरीचा माणूस बोटीत बसला आणि साताऱ्याचा घाट उतरला. चाळीच्या एका खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने झोपून, खानावळीत जेवून, गावाला मनिऑर्डर धाडली. त्या मनिऑर्डरीवर कोकणातली घरं शाकारली गेली. म्हणजे तो देखावासुद्धा गिरणीच्या पगारावर उभा होता! फिल्मवाला घर दाखवतो, कौल दाखवतो, अंगणातली तुळस दाखवतो. मनिऑर्डर दाखवत नाही.

साचे किती? ते सांगा!

फिल्ममध्ये साचेखातं मोठं झोकात दिसतं. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यावर वाजंत्री लावलेली. साचेखात्यात उभा राहिलेला माणूस हे बघून हसेल. तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ओठांवरून ओळखावं लागतं. घरी आल्यावरही माणूस ओरडूनच बोलतो, आणि बायको म्हणते, हळू बोला, पोर निजलंय. तो आवाज कापून त्या जागी सारंगी वाजवायची, ही कला नव्हे, ही लबाडी आहे.

आणि खरी गोष्ट कानाची नाही, हिशेबाची आहे. चित्रात एक विणकर दिसला, ठीक. पण तो साचे किती बघतो? पूर्वी किती बघायचा? वाढले तेव्हा दर वाढला की घटला? हे पडद्यावर कोणी सांगत नाही, आणि सारं भांडण तर इथेच आहे.

मुंबईत मालकांनी "कार्यक्षमता" नावाचं भूत आणलं. विणकराला दोनाऐवजी तीन साचे, कातणाऱ्याला एकाऐवजी दोन बाजू. उरलेल्या माणसांनी घरी जावं. १९२८ साली दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने गिरण्या थंड राहिल्या. त्याच लढ्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि अर्जुन आळव्यांसारखे साध्या गिरणी कामगारातले पुढारी तयार झाले.

आणि पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९२९ रोजी, सात समुद्रांपलीकडे गॅस्टोनियाच्या लोरे गिरणीत संप झाला. कशावरून? एका माणसावर जादा यंत्रं लादली म्हणून! तिकडे त्याला "ताणणं" म्हणत. माणूस म्हणजे रबर, ओढाल तेवढा लांबेल. त्या गिरणीचे मालक उत्तरेकडच्या ऱ्होड आयलंड राज्यातले. घरं कंपनीची, म्हणून संपवाल्यांना घरातून बाहेर काढलं. पोराबाळांसकट माणसं तंबूत राहिली. परळच्या माणसाची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची परळच्या माणसाला येत नव्हती. पण दोघांच्या पगाराच्या चिठ्ठीवर एकच दुखणं लिहिलेलं होतं.

पुढे १९३४ साल आलं. त्या वर्षी जूनमध्ये स्मोकी पर्वताचं राष्ट्रीय उद्यान झालं. बातमी चांगली, फिल्मांना कायमचा विषय मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतले ४ लाखांच्या आसपास कापड कामगार संपावर गेले, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत. शेजारच्या साउथ कॅरोलिनात हनिया पाथ नावाच्या गावात ६ सप्टेंबरला गिरणीच्या दारात गोळीबार झाला आणि सात कामगार मेले. तीन आठवड्यांत संप मोडला. संपवाल्यांची नावं काळ्या यादीत गेली, पुन्हा कुठल्या गिरणीत काम मिळेना. माणसं इतकी धसकली, की पुढे घरातसुद्धा कोणी त्या संपाचं नाव काढीना. नातवंडांना ठाऊकच नाही, की आपला आजा संपात होता! हनिया पाथला त्या सातांच्या नावांचा दगड बसायला १९९५ साल उजाडलं. एकसष्ट वर्षं!

बंधूंनो, फिल्मची खरी ताकद इथे कळते. ती खोटं बोलत नाही. नुसती गप्प बसते. माणसं भीतीने गप्प, फिल्म सोयीने गप्प. दोन गप्पांची बेरीज झाली, की इतिहास साफ!

कॅमेऱ्याला डोळे असतात, दाखवायची इच्छा पाहिजे

कोणी म्हणेल, कॅमेऱ्याला पगार कसा दिसणार? घाम कसा दिसणार? दिसतो! लुइस हाइन नावाचा छायाचित्रकार १९०८ साली ह्याच नॉर्थ कॅरोलिनात गिरण्या-गिरण्यांतून फिरला. व्हिटनेल गावच्या गिरणीत त्याने एका पोरीचं चित्र काढलं. पोर साच्याजवळ उभी आहे, एवढंच दाखवून तो थांबला नाही. खाली लिहून ठेवलं, की उंची ५१ इंच, गिरणीत एक वर्ष झालं, कधी कधी रात्रीही काम करते, चार साइडी बघते, रोज ४८ सेंट. झालं! आमच्या सायडरला विचारा, चार साइडी म्हणजे काय ते. पाच ओळींत सारी गिरणी उभी राहिली. असल्या चित्रांनी बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला बळ दिलं. म्हणजे तोच कॅमेरा, तीच गिरणी. फरक एवढाच, की ह्याने उंची मोजली, पगार विचारला.

आणि धूळ? फिल्ममध्ये कापूस बर्फासारखा उडतो, फार मोहक दिसतो. कार्डिंगवाल्याला तो फुफ्फुसात दिसतो. सुट्टीचा दिवस संपून पुन्हा कामावर गेलं, की पहिल्या दिवशी छाती आवळते, म्हणून त्याला "सोमवारचा ताप" म्हणतात. वर्षानुवर्षं झालं, की सातही वार सोमवार होतात. डॉक्टरी नाव बिसिनोसिस. दोन्ही कॅरोलिनांत म्हाताऱ्या, धापा टाकणाऱ्या कामगारांनी १९७५ च्या सुमारास आपली संघटना बांधली, तेव्हा कुठे १९७८ साली अमेरिकन सरकारने गिरणीतल्या कापूसधुळीवर मर्यादा घालणारा नियम केला. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८१ साली तिथे हरले. हा नियम कोणा मंत्र्याच्या दयेने झाला नाही. धापा टाकणारी माणसं साक्षीला उभी राहिली म्हणून झाला.

"जाहिरातीत रडगाणं कशाला?"

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं ऐकू. ते म्हणतात, अहो, फिल्म पाहुण्यांसाठी आहे, माणूस घटकाभर करमणुकीला येतो, त्याला तुमचे संप आणि खोकले कशाला?

आमचं उत्तर असं. खाजगी शेठजीने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या मालाची जाहिरात करावी, त्याला आम्ही काय म्हणणार? पण नाव "राज्य" घ्यायचं, पैसा जनतेचा वापरायचा, आणि जनताच वगळायची, हे चालणार नाही. लग्नाच्या फोटोतून नवरी वगळून मांडवाचा फोटो कोणी काढतो काय?

दुसरे म्हणतात, ह्या फिल्मा जुन्या, मेलेल्या. आता त्यांच्याशी कसलं भांडण? हे म्हणणं जास्त घातकी. कारण जाहिरात जुनी झाली, की तिचा पुरावा होतो! काल जी विकायला काढली, ती आज संग्रहात बसते, उद्या शाळेत दाखवतात. पोरगं बघतं आणि म्हणतं, अरे वा, तेव्हा सगळं कसं छान होतं! आज जे वगळलं, ते उद्या घडलंच नाही असं ठरतं.

तिसरे आपल्यातलेच. म्हणतात, आपण कोण मोठे, की आपल्यावर फिल्म काढावी? ह्या भावांना आम्ही पुढची हकीकत सांगतो.

वॉटर्सचा कॅमेरा फाटकाशी

त्याच नॉर्थ कॅरोलिनात लेक्सिंग्टन गावात एच. ली वॉटर्स नावाचा फोटोवाला होता. छोटा स्टुडिओ. मंदी आली, गिऱ्हाईक आटलं. त्याने बायकोवर स्टुडिओ सोपवला, १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेतला आणि १९३६ ते १९४२ गावोगाव फिरला. चार राज्यांतली शंभरावर गावं. गावात जायचं, रस्त्यावर, शाळेत, आणि पाळी सुटायच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, आणि दिसेल त्याला टिपायचं. मग गावच्या थिएटरात जाहिरात लावायची, की या आणि स्वतःला पडद्यावर बघा! माणसं लोटायची. स्वतःला बघायला, शेजाऱ्याला बघायला, पोराला दाखवायला.

हा काही क्रांतिकारक नव्हता. पोट भरायला निघालेला माणूस. पण त्याला जे कळलं, ते मोठ्या फिल्म कंपन्यांना कळलं नाही, की लोकांना डोंगर बघायला आवडतो, पण स्वतःचं तोंड बघायला दहापट आवडतं. राज्याच्या फिल्ममध्ये कामगार यंत्राचा भाग होता. वॉटर्सच्या फिल्ममध्ये तो डबा हलवत, टोपी उडवत, लाजत, हसत बाहेर येतो. तिथे रंगभेदाचे दिवस होते, काळ्या माणसाला गिरणीत यंत्रावर उभं करत नसत. पण वॉटर्सने काळ्यांच्या वस्त्या आणि शाळाही टिपल्या.

१९४१ साली त्याने कॅनापोलिस गाव टिपलं. कॅनन गिरणीचं गाव ते, टॉवेल आणि चादरींचं. गिरणी कंपनीची, घरं कंपनीची, रस्ते कंपनीचे. पुढे २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहाच्या यादीत, मोठमोठ्या बोलपटांच्या पंगतीत, ही फाटकावरची फिल्म बसवली गेली. बघा, पंगतीत पान कोणाला मिळालं! ज्यांना आपण कोण मोठे असं वाटत होतं, त्यांना.

फिल्म उरली, गिरणी गेली

त्या कॅनापोलिसचं पुढे काय झालं? १९८२ साली एका धनवंताने गिरणी विकत घेतली आणि चारच वर्षांत विकून मोकळा झाला. मालक बदलत गेले, नावं बदलत गेली. कामगार पंचवीस वर्षं युनियनसाठी झगडले, मतदानात पुन्हा पुन्हा हरले, आणि १९९९ साली जिंकले. चार वर्षांनी, ३० जुलै २००३ रोजी, गिरणीला कायमचं टाळं. एका दिवसात हजारो माणसं रस्त्यावर. त्या राज्याच्या इतिहासात एका दमात एवढी माणसं कधी कामावरून गेली नव्हती. मग इमारती पाडल्या, आणि त्या जागेवर संशोधनाचं चकचकीत आवार उठलं.

ऐकताना अंगावर काटा येतो की नाही? १९८२ साल म्हटल्यावर गिरणगावातल्या कोणाच्या येणार नाही! १८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणसं बाहेर पडली. तो संप रीतसर मागे घेतल्याचा कागद आजवर कोणी काढलेला नाही. गिरण्या मात्र बंद पडल्या आणि जमिनीला भाव आला. १९९१ च्या नियमात म्हटलं होतं, की गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक स्वस्त घरांना, एक मालकाला. २००१ साली नियमाला अशी मेख मारली, की वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्याची. लाडवाचं ताट मालकाकडे, आणि सांडलेल्या कळ्यांचे तीन वाटे! २००६ साली सर्वोच्च न्यायालयातही मालकांचंच म्हणणं उभं राहिलं.

आणि आता कुठे कुठे चिमणी तेवढी ठेवली आहे. का? शोभेला! मॉलच्या आवारात उभी. पोरंटोरं तिच्यापुढे फोटो काढतात. राज्याच्या फिल्ममध्ये जसं होतं तसंच, चिमणी दिसते, कामगार दिसत नाही. आधी कामगार चित्रातून काढला, मग जागेवरून काढला. हे दोन वेगळे गुन्हे नाहीत. ज्या माणसाचं नाव चित्रात नाही, त्याचं नाव सातबाऱ्यावर, घरांच्या यादीत, नुकसानभरपाईच्या कागदात घालायला कोणाला लाज वाटत नाही. म्हणून सुरुवातीला म्हटलं, की फिल्मचा प्रश्न हा पोटाचाच प्रश्न आहे.

हे राज्य १ मे १९६० रोजी झालं, कामगार दिनाच्या मुहूर्तावर. त्यासाठी गोळ्या खाल्लेल्यांत गिरणगावचे गडी होते. ते काही धबधब्यांच्या देखाव्यासाठी मेले नाहीत.

आमचं मागणं

नुसती तक्रार करून आम्ही थांबणार नाही. आमचं मागणं लिहून देतो.

१. जनतेच्या पैशातून राज्याची फिल्म निघेल, तिच्यात राबणारा माणूस नावानिशी दिसला पाहिजे. त्याचं खातं, त्याची पाळी, त्याचा पगार सांगितला पाहिजे.

२. जुन्या फिल्मा जरूर दाखवा, जाळा असं आम्ही म्हणत नाही. पण दाखवताना सांगा, की ही गिरणी आहे, ह्या साली इथे संप झाला, ह्या साली ती बंद पडली, त्या जमिनीवर आज काय उभं आहे.

३. सरकारी संग्रहातल्या फिल्मा कामगारांच्या वस्तीत, संघाच्या कचेरीत, गावच्या शाळेत, मराठी बोलासकट फुकट दाखवायची सोय करा.

४. म्हातारे कामगार आहेत तोवर त्यांचं बोलणं त्यांच्याच आवाजात नोंदवा. साच्याचा आवाजही नोंदवा, वर वाजंत्री न लावता.

आणि पाचवं मागणं सरकारकडे नाही, आपल्याच माणसांकडे आहे. पत्र्याच्या पेटीत गिरणीचा पास आहे, पगाराची चिठ्ठी आहे, युनियनची पावती आहे, खात्यातल्या मंडळींचा एखादा धुरकट फोटो आहे. तो रद्दीत घालू नका. फोटोच्या पाठीवर आजच नावं लिहा. डावीकडून पहिला कोण, दुसरा कोण, कुठलं खातं, कुठलं गाव, किती साचे. पोराच्या हातात फोन आहे, त्या फोनला कॅमेरा आहे. आजीला समोर बसवा आणि विचारा, वाइंडिंग खात्यात काय काय झालं. वॉटर्सला फाटकाशी यायला गाव-गाव तुडवावं लागलं. आपला वॉटर्स आपल्याच घरात बसला आहे.

डोंगर कुठे जात नाही, त्याचं चित्र उद्याही काढता येईल. माणूस थांबत नाही. आधी माणसाचं चित्र काढा, आणि खाली त्याचं नाव लिहा!

कामगार एकजुटीचा विजय असो!